पोरांसाठी म्हणून

कोरीट हे नंदुरबार तालुक्यातलं गाव. नंदुरबार शहरातल्या एका नाक्याला त्याचं नाव आहे, त्यामुळे ज्यांनी गाव कधी पाहिलं नाही अशी माणसंही रिक्षावाल्याला दिवसातून दोनदा त्याचं नाव सांगतात. अशा गावातून माणूस विनाकारण बाहेर पडत नाही. म्हणजे पडतो, पण कारण सांगून पडतो. लग्न, दहावा, जाऊळ, नवस, कोर्टाची तारीख, डोळ्यांचं ऑपरेशन, बैलजोडी बघायला जाणं, मुलगी बघायला जाणं ही सगळी समाजमान्य कारणं आहेत आणि त्यांच्या जोरावर माणूस पार सुरतेपर्यंत जाऊन येतो. पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'काब्र?', म्हणजे का बरं, एवढं एकच विचारलं जातं आणि विचारणारा उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. त्याला 'असंच, जरा फिरायला' असं सांगून पाहा. संध्याकाळपर्यंत गावात तीन तर्क तयार होतात: भावकीत काहीतरी वाजलं, नाशिकला गुपचूप प्लॉट घेतला, नाहीतर डॉक्टरने काहीतरी सांगितलं आणि घरचे लपवताहेत. सहल म्हणजे तर कारणाशिवाय केलेला प्रवास. कारण निघालं की ती सहल न राहता काम होऊन जाते. तेव्हा कारण नसलेल्या गोष्टीला कारण मिळवून देण्याचा अवघड प्रश्न आमच्या भागातल्या कुटुंबांनी एका वाक्यात सोडवला आहे: 'पोरांना जरा फिरवून आणतो.' या वाक्यावर कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. माझं म्हणणं असं की हे वाक्य जसंच्या तसं घेऊ नये. उन्हाळ्यातली सहकुटुंब सहल पोरांसाठी काढली जात नाही. सहल काढता यावी म्हणून पोरं सोबत घेतली जातात. मोटारीचा कागद आणि लायसन्स ज्या कप्प्यात असतं, खरं तर पोरांची जागाही त्याच कप्प्यात आहे.

हा फक्त खानदेशातला मामला आहे असं वाटत असेल तर जर्मनीकडे बघावं. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास ऑगस्ट 1888 मध्ये झाला आणि तो नेमका शाळेच्या सुट्टीत, मुलांना घेऊन, आईच्या माहेरी झाला. मोटारीचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या कार्ल बेंझची बायको बेर्था हिने पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेराचा रिचर्ड या दोन मुलांना उठवलं, नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी गाडी बाहेर काढली आणि मॅनहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरहून थोडं जास्त, तिने मजल मारली. वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं द्रव्य विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेकला चामडं ठोकून घ्यायला चांभार गाठला. चढ आला की मुलं खाली उतरून गाडी ढकलत. सांगायला कारण काय होतं? मुलांना आजीकडे नेणं. खरं कारण काय होतं? नवरा यंत्र बनवून घरात ठेवून बसला होता, ते रस्त्यावर चालतं हे लोकांना दाखवायचं होतं. मुलांना आजीकडे न्यायला रेल्वे होती आणि तिला पिनेने नळी साफ करावी लागत नव्हती. शिवाय बाईंनी कोणती मुलं नेली तेही बघण्यासारखं आहे: गाडी ढकलण्याच्या वयाची दोन. आजीला धाकट्या नातीही होत्या, पण त्यांचा चढावर उपयोग नव्हता. मोटार सहलीची परंपराच अशी निमित्तापासून सुरू झाली म्हटल्यावर कोरीटच्या माणसाने कानकोंडं होण्याचं कारण नाही. नंदुरबारहून सातपुड्यातलं तोरणमाळ हे थंड हवेचं ठिकाणही शंभराच्या जरा अलीकडेच आहे.

मुलांची सोय पाहून सहल काढायची ठरली असती तर ती मे महिन्यात निघाली असती का, याचा विचार करावा. नंदुरबारचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडून चव्वेचाळीसकडे बघत असतो. दुपारी कुत्रीसुद्धा ट्रॉलीखालची सावली बदलायला आळस करतात. सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत असते, मग दुसरं करणार काय, असं कोणी म्हणेल. पण शाळेला दिवाळीचीही सुट्टी असते. तेव्हा सातपुडा हिरवा असतो, ओढ्यांना पाणी असतं, तोरणमाळच्या सीताखाई धबधब्यात पाणी असतं. मेमध्ये तो धबधबा फक्त नावाचा, प्रत्यक्षात खडक. तरीही दिवाळीत कोणी निघत नाही, कारण दिवाळीत कापूस वेचणीला आलेला असतो, पाठोपाठ मिरचीचा तोडा, मग ऊस, मग गहू. मेमध्ये मात्र मोठ्या माणसांचे हात रिकामे होतात. पावसाआधी शेत तयार करायचं, बियाण्यासाठी रांग लावायची, यांच्या मधल्या आठ-दहा दिवसांत शेतकरी कुटुंबाला पहिल्यांदा समजतं की आपण थकलो आहोत. ती सुट्टी मोठ्यांची असते. पोरांची सुट्टी त्याच दिवसांत पडली, हा योगायोग मोठ्यांना फार सोयीचा पडला. याच न्यायाने सारंगखेड्याचा घोडेबाजार घ्या. तापीकाठी शेकडो घोडे उभे आहेत, त्यांना नाचवताहेत, पळवताहेत. पोरांसाठी याहून मोठं काही या जिल्ह्यात नाही. पण तो भरतो दत्तजयंतीला, म्हणजे शाळा चालू असताना. तेव्हा बाप एकटाच 'भाव बघून येतो' म्हणून जातो आणि पोराला गणिताच्या तासाला पाठवतो.

आता ठिकाण ठरवण्याची बैठक घ्या. ती जेवणानंतर ओट्यावर बसते आणि तिचा विषय 'पोरांना कुठे न्यायचं' हा असतो. पोरं झोपलेली असतात, किंवा त्यांना झोपायला सांगितलेलं असतं. पहिला प्रस्ताव सापुताऱ्याचा येतो, कारण नवापूर-आहवामार्गे ते जवळ पडतं आणि तिथे तलाव आहे, बोटी आहेत, झुलत्या पाळण्यात बसून दरी ओलांडता येते. लहान मुलांच्या दृष्टीने हा प्रस्ताव बिनतोड आहे आणि तो फेटाळला जातो. फेटाळणारे सहसा दोन काका असतात. 'तिथे पोरांना करमणार नाही' असं ते गंभीरपणे सांगतात. गुजरातेत दारूबंदी आहे हा मुद्दा बैठकीत कोणी काढत नाही, पण तो ओट्यावर सगळ्यांच्या मध्ये बसलेला असतो. दुसरा प्रस्ताव आजीचा: तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा, त्याला दक्षिण काशी म्हणतात, केदारेश्वराचं दर्शन घडेल, पोरांवर संस्कार होतील. आजीचा एक नवस फेडायचा राहिलेला असतो, पण तो ती शेवटी, जाता जाता सांगते. तिसरा प्रस्ताव उनपदेवचा, शहादा तालुक्यातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांचा. घरातल्या कुणाचेतरी गुडघे दुखत असतात, त्याखेरीज चव्वेचाळीस अंशांत गरम पाण्याकडे जाण्याचा विचार कोणालाही सुचणार नाही. मग तरुण मंडळी अक्कलकुवा, सागबारा, देडियापाडा, राजपिपळा असा मार्ग सांगून सरदार पटेलांच्या पुतळ्याकडे जाऊ म्हणतात. 182 मीटर उंचीचा, जगातला सगळ्यांत उंच पुतळा. पोरांना इतिहास कळेल. पोरांना तिथे लिफ्ट आवडते. इतिहासाबद्दल म्हणाल तर पुतळ्यासमोरच्या धरणाच्या पाण्यात आपल्याच जिल्ह्याची अक्राणी-अक्कलकुव्याकडची गावं गेली, हा इतिहास पोराने विचारलाच तर मोठी माणसं आइस्क्रीमचं दुकान शोधू लागतात.

शेवटी तोरणमाळ ठरतं. ते सगळ्यांना मान्य होतं कारण त्यात प्रत्येकाचं थोडं थोडं साधतं. वाटेत प्रकाशा आहे, म्हणजे आजीचा नवस फिटला. महाराष्ट्राची हद्द सुटत नाही, म्हणजे काकांचं भागलं. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, यशवंत तलाव, गोरखनाथाचं देऊळ, थंड हवा. या थंड हवेचा हिशोब एकदा मांडायला हवा. उंचीच्या दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. नंदुरबार आहे दोनशे मीटरच्या आसपास. म्हणजे खाली त्रेचाळीस असेल तर वर सदतीस. सदतीस अंशांना थंड हवा म्हणण्यासाठी माणूस त्रेचाळिसातूनच यावा लागतो, आणि आपण तिथूनच आलेलो असल्यामुळे खोटं बोलल्यासारखं होत नाही. या सगळ्या चर्चेत पोरांचं मत कोणी विचारलं नाही, ही तक्रार मी करत नाही. मला फक्त त्याची नोंद हवी आहे.

पोरांचं मत विचारलं असतं तर काय निघालं असतं याचा अंदाज करता येतो. या जिल्ह्यात पोरांसाठी सर्वांत उत्तम ठिकाण माझ्या मते नवापूरचं रेल्वे स्टेशन आहे. स्टेशनाच्या मधून महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते. फलाटावर एक बाक आहे, त्याचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्यात. तिथे पोराला एक पाय महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत ठेवून उभं राहता येतं, धाकट्या भावाला धक्का देऊन परराज्यात पाठवता येतं, आणि वर चार भाषांतल्या घोषणा ऐकू येतात. खर्च फलाट तिकिटाचा. सात वर्षांच्या पोराला तिथून चार तास हलवता येणार नाही. पण 'आम्ही यंदा सहलीला नवापूर स्टेशनवर गेलो होतो' असं सोयऱ्यांना सांगता येत नाही. फोटोत मागे डोंगर नाही, तलाव नाही, गाडीच्या बोनेटला टेकून उभं राहायला जागा नाही. ठिकाण पोरांना आवडण्यासारखं असणं आणि ते पोरांसाठी म्हणून निवडलं जाणं, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो तो असा.

यावर लगेच एक आक्षेप येतो. मोटारच का? खरोखरच पोरांसाठी नसतं तर मोठी माणसं एसटीने गेली नसती का? पैशाच्या हिशोबाने तर तेच शहाणपणाचं आहे. एसटीत पाच ते बारा वयाच्या पोरांना अर्धं तिकीट, त्याखालच्यांना काहीच नाही. मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला मोफत. म्हणजे काका सोडले तर आख्ख्या कुटुंबात पूर्ण पैसे मोजणारा एकच इसम उरतो आणि तो खिडकीशी बसून कंडक्टरकडे अपमानित नजरेने बघतो. तरीही लोक भाड्याने ईको किंवा क्रुझर सांगतात, कारण एसटी पोरांचं ऐकत नाही. पोराला शू लागली म्हणून लाल गाडी थांबत नाही. ती शहाद्याच्या स्टँडवर तिच्या वेळेला थांबते. भाड्याने ठरवलेल्या गाडीत मात्र पोराच्या नावावर कुठेही थांबता येतं. चहाची तलफ आलेला माणूस 'मला चहा हवा' असं म्हणत नाही. तो मागे वळून 'काय रे, लागली का तुला?' असं विचारतो. पोरगा नाही म्हणतो. 'लागेल आता, पुढे काही नाही' असं सांगून गाडी टपरीशी उभी राहते. पोराला उतरवून बाभळीकडे उभं करतात, आणि त्याचं काही होईपर्यंत चार कटिंग, एक तंबाखूची पुडी आणि टपरीवाल्याशी पपईच्या भावाची चर्चा एवढं उरकतं. पुढे ढाब्यावर 'पोरांना भूक लागली असेल' म्हणून जी शेवभाजी मागवली जाते तिच्या तर्रीत नंदुरबारच्या बाजारातली लाल मिरची सढळ हाताने पडलेली असते. ती भाजी पोराच्या तोंडाला लावता येत नाही. पोराला बिस्किटाचा पुडा फोडून देतात आणि त्याच्या नावाने घेतलेली दुसरी प्लेट काका संपवतात.

गाडीतली बसण्याची व्यवस्था हा तर लेखी पुरावाच आहे. 2019 मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची खास सीट नसेल तर चालकाला एक हजार रुपये दंड सांगितला आहे. सरकारचा समज असा की मुलाला सीट असते. आमच्याकडे गाडी ठरवताना माणसं मोजतात आणि पोरं धरतात. 'आम्ही नऊ, आणि पोरं' असं सांगितलं जातं. नऊ जणांना नऊ जागा मिळतात, म्हणजे सातात नऊ बसतात, आणि 'पोरं' या सामुदायिक वस्तूची रवानगी मांड्यांवर, दोन सीटांमधल्या फटीत आणि मागच्या डिकीत वीस लिटरच्या पाण्याच्या जारशेजारी होते. पुढची सीट, जिथून रस्ता दिसतो, वारा लागतो आणि गाणी बदलता येतात, ती घरातल्या थोरल्या जावयाला जाते. ज्याच्यासाठी सहल काढली त्याला बसायला जार, आणि जो 'पोरांसाठी म्हणून आलो' असं तीन वेळा सांगतो त्याला खिडकी. ही व्यवस्था बदलायला सांगून पाहा. पोरांना पुढे बसवणं धोक्याचं असतं असं उत्तर येईल, आणि ते खरंही आहे. फक्त डिकीत बसवणं बिनधोक कसं, हे कोणी सांगत नाही.

घाटात या व्यवस्थेचं फळ मिळतं. गाडी लागते ती का, याचं आजचं उत्तर असं की कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण हलतो आहोत, आणि डोळे गाडीच्या आतल्या भागाकडे बघून सांगतात आपण स्थिर आहोत. या दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि त्याचा राग पोट काढतं. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा हा त्रास होत नाही; साधारण दोन ते बारा या वयात तो सर्वांत जास्त असतो. म्हणजे नेमकी तीच मंडळी, ज्यांच्यासाठी आपण निघालो. उपाय म्हणजे समोर, लांब, रस्त्याकडे बघणं, आणि तो उपाय जावयाच्या ताब्यात आहे. मग तोरणमाळच्या सातपायरी घाटात दुसऱ्या वळणाला डिकीतून आवाज येतो. लिंबू हुंगायला देतात, आल्याची वडी चघळायला देतात, शर्टाच्या आत पोटावर वर्तमानपत्र ठेवतात. वर्तमानपत्राने उलटी कशी थांबते याचं शास्त्र अजून उजेडात यायचं आहे, पण अग्रलेखाची बाजू आत ठेवली तर लवकर गुण येतो असं मानायला हरकत नाही. एवढ्यावर जावई मागे न बघता म्हणतो, 'पोरांना सवय पाहिजे प्रवासाची.'

पोरं सारखी 'आलं का? अजून किती लांब?' विचारतात, ही दुसरी तक्रार. तिच्यावर फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल झाने याने एकोणिसाव्या शतकात मांडलेलं एक सूत्र लागू करून बघण्यासारखं आहे. विल्यम जेम्स याने 1890 च्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. सूत्र ढोबळ आहे: कुठलाही काळ माणसाला किती मोठा वाटतो, ते त्याच्या आयुष्याच्या किती भागाइतका तो आहे यावर ठरतं. चाळीस वर्षांच्या बापाचं आयुष्य पाच वर्षांच्या पोराच्या आठपट. तेव्हा तोरणमाळच्या तीन तासांच्या रस्त्यात पोराचे बापाच्या मापाने चोवीस तास जातात. तासाभराने शहादा आलं, तोवर पोराच्या घड्याळात आख्खी रात्र उलटून गेलेली असते. चोवीस तासांच्या रेल्वे प्रवासात हाच बाप शेजाऱ्याला दर स्टेशनावर 'कुठलं आलं?' विचारत असतो आणि त्याला कोणी 'गप्प बस, नाहीतर खाली उतरवून देईन' असं म्हणत नाही. मोबाइल हातात दिला की पोरं गप्प बसतात, हे मान्य. शहादा सोडून गाडी सातपुड्यात शिरली की रेंज जाते आणि गेले दोन तास जी गोष्ट दाबून ठेवली होती ती एकदम बाहेर येते. तेव्हा बापाला कळतं की आपल्याला पोराशी काय बोलायचं ते माहीत नाही. मग तो 'बघ, माकड' असं म्हणतो. माकड असतं, आणि सुदैवाने भरपूर असतात.

आता गंभीर आक्षेपाकडे येऊ. पोरांना काहीच मिळत नाही का? प्रवासातून मुलं शिकतात, भूगोल कळतो, माणसं कळतात, असं सगळे शिक्षक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. प्रकाशाच्या पुलावरून तापी बघताना ती पश्चिमेला, समुद्राकडे वाहते, हे पोराला पुस्तकाशिवाय कळू शकतं. पण सहलीहून आलेल्या पोरांना दोन आठवड्यांनी विचारावं. त्यांना तापीची दिशा आठवत नाही. ट्रकवाल्याने डिपर न दिल्यावर पप्पा काय म्हणाले ते शब्दशः आठवतं. पाण्याची बाटली खाली वीस रुपयांना आणि वर तीसला, हे आठवतं. काकू आणि आई फोटोवरून का बोलेनाशा झाल्या, हे आठवतं. टायर पंक्चर झालं आणि जॅक सापडेना, तेव्हा सगळी मोठी माणसं गाडीभोवती उभी राहून एकमेकांना सूचना देत होती, हा तर सहलीचा कळस म्हणून आठवतो. पोरं शिकतात यात वाद नाही. पण त्यांचा विषय यशवंत तलाव हा नसतो, आपण असतो. रोज शेतात, दुकानात, शाळेत विखुरलेली मोठी माणसं त्यांना एका पत्र्याच्या डब्यात तीन तास जवळून अभ्यासायला मिळतात. सहल खरंच पोरांसाठी असती आणि मोठी माणसं तिच्यात नुसती वेठीला धरलेली असती, तर त्यांना बघण्यात पोरांना एवढी मजा आली नसती. ती रमलेली असतात म्हणूनच बघण्यासारखी असतात.

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आम्ही मामाच्या गावाला जायचो', हा सत्तरीतल्या मंडळींचा आक्षेप. खानदेशात त्या जाण्याला आखाजीचा मुहूर्त असे. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी यायच्या, गौराई बसायची, झाडांना झोके बांधले जायचे, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी व्हायची. मामा मुराळी होऊन बैलगाडी घेऊन यायचा आणि गाडीत पोरांची रास असायची. ते फिरणं निखळ पोरांसाठी होतं, असं म्हणतात. मला शंका आहे. सासूपुढे 'मला आईकडे जायचंय' असं म्हणायची सोय तेव्हाच्या सुनेला नव्हती. 'पोरं मामाची फार आठवण काढताहेत' असं म्हणायची सोय होती. आठवण काढणारं पोर कधी कधी दहा महिन्यांचं असे आणि त्याने मामाला पाहिलेलंही नसे, पण सासूने कधी उलटतपासणी घेतली नाही. तीही तेच वाक्य वापरून आयुष्यभर माहेरी जाऊन आली होती. आखाजीचे झोके कोणासाठी बांधलेले असत ते बघा. त्यांवर गाणी म्हणत उंच जाणाऱ्या सासुरवाशिणी असत आणि पोरं खाली उभी राहून 'आई, मला' म्हणत रडत. आजची क्रुझर ही त्याच बैलगाडीची वंशज आहे; फक्त तेव्हा एक बाई निमित्त शोधत होती, आता सगळं घर शोधतं.

या सिद्धांताला एक मोठी मर्यादा आहे आणि ती याच जिल्ह्यातली आहे. दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून माणसं ऊसतोडीला गुजरातेत निघतात. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, बाजली आणि पोरं, सगळं एकत्र. हाही रस्त्याने केलेला सहकुटुंब प्रवास, आणि पोरं हजेरीपटावरून उतरून त्यात बसलेली असतात. त्यांना कोणी 'काब्र?' विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. निमित्ताची गरज त्यालाच पडते ज्याला न जाण्याची मुभा आहे. मेमध्ये सहलीची क्रुझर सातपुडा चढत असते तेव्हा ती माणसं परत आलेली असतात आणि पहिल्या पावसाची वाट बघत कुठेही न जाता बसलेली असतात. डिकीतलं पोर आणि त्या पाड्यावरचं पोर वळणावर एकमेकांकडे बघतात, तेव्हा एक कशासाठी निघालाय आणि दुसरा का बसलाय हे दोघांपैकी कोणालाही कळत नसावं.

मग पोरांना घरीच ठेवावं का? मुळीच नाही, आणि इथेच माझा सिद्धांत सर्वांत पक्का ठरतो. पोरं घरी ठेवली तर सहल होतच नाही. नवरा-बायको दोघंच तोरणमाळला निघाले तर गाव गप्प बसणार नाही, आजी गप्प बसणार नाही, आणि खरं सांगायचं तर शहाद्याच्या पुढे त्या दोघांनाही काय करावं ते सुचणार नाही. म्हणून घरातलं शेवटचं पोर चौदा-पंधराचं होतं तेव्हा खरं संकट उभं राहतं. ते आता येत नाही म्हणतं. त्याचे मित्र आहेत, क्लास आहे, आणि दहावीचं वर्ष हे एकच निमित्त असं आहे जे पोरांच्या निमित्तालाही मागे सारतं. बाप समजावतो, आई मिनतवाऱ्या करते, काका नवीन बॅट कबूल करतात. पोरगा बधत नाही. गाडीवाल्याला तारीख दिलेली असते, दोन्ही काकांनी आपली तयारी केलेली असते आणि आजीचा नवा नवस झालेला असतो. अशा वेळी सुज्ञ कुटुंबं शिरपूरला किंवा दोंडाईच्याला बहिणीकडे फोन लावतात. तिचं धाकटं सहा वर्षांचं असतं. 'त्याला पाठवून दे आठ दिवस, तोरणमाळ दाखवून आणतो, इथे बसून काय करणार बिचारं.' बहीण लगेच हो म्हणते. फक्त एवढ्याशा पोराला एकटं कसं पाठवायचं, म्हणून तीही येते, आणि तिला एकटीला पोर सांभाळणं जमायचं नाही म्हणून तिची नणंद.